सुरतेची न्याहारी

'सुरतनुं जमण अने काशीनुं मरण' ही गुजराती म्हण आमच्या नंदुरबार-नवापूरकडच्या माणसांना मराठी म्हणींइतकीच पाठ असते. जेवावं सुरतेत आणि मरावं काशीत. आमच्याकडून काशीला जाणारा एखादाच. सुरतेला गेलेलं माणूस मात्र घरोघर सापडतं. पण तो जातो तो जेवायला नव्हे, पोटाला लागायला. या दोन गोष्टींमध्ये केवढं अंतर असतं, ते मला, खरं सांगायचं तर २०२३च्या चैत्रापर्यंत, नीटसं उमगलं नव्हतं.

सुरत आम्हाला दोन वाटांनी भेटते. एक वाट शाळेच्या पुस्तकातली. १६६४ आणि १६७० साली शिवाजी महाराजांनी सुरत लुटली, हे मराठी पोराला सुरतेचं नाव नकाशात सापडण्याआधी ठाऊक असतं. दुसरी वाट ताप्ती लाईनची. या लाईनवर नवापूरचं स्टेशन निम्मं महाराष्ट्रात आणि निम्मं गुजरातेत आहे. तिकीट एका राज्यात काढावं आणि गाडीची वाट दुसऱ्या राज्यात बघावी, असा तिथला प्रकार. १ मे १९६० रोजी दोन राज्यं झाली, तेव्हा रेघ रूळांवरूनच गेली. पण रेघ नंतरची, रूळ आधीचे. त्यामुळे आमच्या माणसांचे पाय रूळांच्या बाजूने चालत राहिले.

माझा थोरला भाऊही त्याच रूळांवरून गेला. १९७९ साली, वीस वर्षांचा असताना, एक वळकटी आणि आईने बांधून दिलेल्या कळण्याच्या भाकरी घेऊन. लिंबायतला गावच्याच चार पोरांबरोबर खोली घेतली आणि यंत्रमागावर लागला. बारा तासांची पाळी. एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. मागांच्या खडखडाटाने त्याचे कान हळूहळू बसले. सुट्टीला घरी आला की दादा मोठमोठ्याने बोलायचा. आम्हाला वाटे, शहरात राहून त्याला रुबाब आला आहे.

सुरतेने त्याला तीनदा घरी पाठवलं. १९९४च्या सप्टेंबरात प्लेगची बातमी पसरली आणि भरभरून गाड्या खानदेशाकडे आल्या, तेव्हा तो आला. गावात आठ दिवस कुणी त्याच्या ओट्याला पाय लावला नाही. २००६च्या ऑगस्टमध्ये तापीचं पाणी शहरात शिरलं, तेव्हा आला. आणि २०२०च्या टाळेबंदीत आला, तेव्हा अर्ध्या वाटेपर्यंत पायीच होता. तिन्ही वेळा आई म्हणे, आता नको जाऊ. तिन्ही वेळा तो गेला. शेवटच्या वेळी म्हणायला आई नव्हती.

अखेर २०२३ साली त्याने खोली सोडायचं ठरवलं. माग केव्हाच सुटला होता. शेवटची काही वर्षं तो एका कारखान्यात रात्रीचा वॉचमन होता. पाडव्यानंतरच्या आठवड्यात मी आवराआवरीला गेलो. चव्वेचाळीस वर्षांचा संसार एका छोट्या टेम्पोत मावला. भांडी, दोन लोखंडी कॉट, शिलाई मशीन. टेम्पो गावाकडे निघाला आणि घरमालकाने किल्ली घेतली. गावी जाण्याआधी दादाला आणि वहिनींना लेकीकडे भावनगरला जायचं होतं, तेही बोटीने. हजिऱ्याहून घोघ्याला २०२०च्या नोव्हेंबरपासून मोठी बोट जाते. खंभातच्या आखाताला वळसा घालून सडकेने सुमारे ३७० किलोमीटर पडतात, समुद्रातून नव्वदच्या आसपास. बोटीच्या पोटात ट्रक उभे असतात आणि वर माणसं बसतात. सुरतेत इतकी वर्षं काढून दादा समुद्रावर कधी गेला नव्हता. डुमसच्या किनाऱ्यावर एकदा पाय ओले केले होते, तेवढंच.

बोट सकाळची होती. म्हणून रात्रीपुरती स्टेशनजवळच्या एका लॉजमध्ये खोली घेतली. वहीत पत्ता लिहायची वेळ आली, तेव्हा दादाचा हात थांबला. मग मीच नंदुरबारचा पत्ता लिहिला.

पहाटे साडेपाचला उठून पाहतो तर लॉजमध्ये चहासुद्धा नाही. पोऱ्या म्हणाला, आठ वाजता मिळेल. आम्हाला सातला निघायचं होतं आणि वहिनींना साखरेचा विकार. त्या सकाळी इन्सुलिन घेतात आणि घेतल्यावर अर्ध्या तासात पोटात काही जावं लागतं. नाही गेलं तर घाम फुटतो, हातपाय थरथरतात. पिशवीत बिस्किटं होती. पण पुढे चार तास समुद्र, बोट लागली तर काय, ही धास्ती. मी म्हटलं, "वहिनी, तुम्ही सुई घेऊन ठेवा, तोवर आम्ही काहीतरी आणतो." त्या शांतपणे म्हणाल्या, "भाऊजी, आधी ताट दिसू द्या, मग सुई." आणि थंड पाण्याच्या बाटलीसकट त्याही आमच्याबरोबर निघाल्या.

स्टेशनबाहेर रिक्षावाले जागे होते, दुकानं नव्हती. एका गाडीवर चहा होता आणि कालचे खारी-टोस्ट. दुसरीकडे जलेबी तळत होते. ती वहिनींना वर्ज्य. मी दादाला विचारलं, "इकडे सकाळी काय मिळतं?" तो म्हणाला, "मला काय माहीत? इकडे मी गाडी धरायला यायचो, खायला नाही." लिंबायतला कोणती लारी किती वाजता लागते, हे त्याला झोपेतही सांगता आलं असतं. रात्रपाळी सुटली की गेटसमोरच्या लारीवर पोहे, नाहीतर वडापाव. कागदावर घ्यायचे, उभ्याउभ्या खायचे, कारण खोलीतली खाट दिवसपाळीच्या माणसाने रिकामी केलेली असे आणि ती गरम आहे तोवर झोपायचं असे.

सुमुल डेअरीच्या रस्त्याला लागलो. दुधाच्या गाड्या जात होत्या. एका वळणावर वाफेचा वास आला, हिंगाचा आणि भिजल्या डाळीचा. लोचोचं दुकान उघडत होतं.

ज्यांनी लोचो खाल्ला नसेल त्यांच्यासाठी सांगतो. हरभऱ्याची डाळ भिजवून, वाटून, आंबवून वाफवली की खमण होतं. त्यात पाणी जास्त ठेवलं, तर वडी पडत नाही. मऊ, ओलसर लगदा होतो. कुण्या कारागिराचं खमण असंच बिघडलं, 'लोचो' म्हणजे घोटाळा झाला, आणि तो घोटाळाच गिऱ्हाइकांना आवडला, अशी कथा सुरतेत सांगतात. भांड्यातून तो उलथन्याने खरवडून ताटलीत घेतात. वर तेल, मसाला, बारीक शेव, कांदा, हिरवी चटणी. साखर नाही की मैदा नाही. वहिनींनी पाहिलं आणि पिशवीतून डबी काढली.

दादा मात्र दारातच उभा राहिला, हात पुढे करून, जणू कागदावर घेऊन निघायचं आहे. मालक म्हणाला, "बेसो काका, गरम उतरे छे." दादाने आधी माझ्याकडे पाहिलं, मग बाकाकडे, आणि बसला. बसल्यावर ताटलीला दोन्ही हात लावून घास घ्यायचा थांबला. म्हणाला, "भाऊ, इतक्या वर्षांत या गावात बसून न्याहारी केली नव्हती मी."

त्याचा मोठा आवाज ऐकून भट्टीजवळचं पोरगं बाहेर आलं. अठरा-एकोणीस वर्षांचं असेल. आमची बोली त्याने ओळखली होती. "कोन्ता गावना, बाबा?" त्याने विचारलं. मला वाटलं, दादा आमच्या गावाचं नाव घेईल. चार दिवस त्याच्या तोंडी दुसरं काही नव्हतं.

"लिंबायतना," दादा म्हणाला.

त्यावर मी काही बोललो नाही. वहिनी ताटलीतला कांदा बाजूला सारत होत्या.

पुढे हजिऱ्याच्या वाटेवर मला चौकातली मुघलसराई आठवत राहिली. आज तिथे महानगरपालिकेचं कार्यालय आहे. १६४४ साली, शहाजहानच्या काळात, ती बांधली गेली आणि हजला निघालेले यात्रेकरू तिथे उतरत. सुरत म्हणजे मक्केचा दरवाजा, असं तेव्हा म्हणत. तांबड्या समुद्राकडे जाणारी जहाजं साधारण याच दिवसांत, मार्चच्या सुमारास, पाऊस लागण्याआधी निघत. तापी गाळाने भरलेली, म्हणून मोठी जहाजं हजिऱ्याजवळच्या सुवाळीला नांगर टाकून उभी असत. माल जाई मोख्याला, जेद्दाला. तिथून सुएझ, कैरो आणि पुढे भूमध्य समुद्राच्या बंदरांपर्यंत. आपल्यातली बरी परिस्थिती असलेली मंडळी अलीकडे त्या समुद्राच्या सफरीला जातात, तिथे सुरतेचं कापड केव्हाच जाऊन आलेलं आहे.

त्या सराईतही पहाटे कुणीतरी खाण्याच्या शोधात बाहेर पडत असणारच. शहर बंदराचं असो की गिरणीचं, त्याच्याकडे दोन तऱ्हेचे लोक येतात, निघणारे आणि राबणारे. निघणाऱ्याला शहर बसवून वाढतं. राबणाऱ्याला कागदावर देतं आणि तो शिफ्टला पोचेल एवढं बघतं. यात दुकानदाराचा दोष नाही. त्याने दोघांनाही 'बेसो' म्हटलं असतं. बसायला वेळ कुणाकडे होता, एवढाच प्रश्न. खोलीची किल्ली परत गेली, त्यानंतर माझ्या भावाला तो वेळ मिळाला. सुरतेचं ते प्रसिद्ध जेवण त्याला पाहुणा झाल्यावर जेवता आलं.

आणि तरीही तो लिंबायतचा. पुस्तकातली सुरत आपण लुटली; आमच्या गावच्या घरांवर पत्रे चढले, बहिणींची लग्नं झाली, माझं बी.एड. झालं, ते या सुरतेच्या पगारावर. यात कुणी कुणाला किती दिलं आणि कुणी किती घेतलं, याचा हिशेब दादाने कधी मांडला नाही. माझ्याच्यानेही तो मांडवत नाही.

निघताना दादाने लेकीसाठी अर्धा किलो खमण बांधून घेतलं होतं. बोटीवर त्याने ती पुडी मांडीवर धरली. हजिऱ्याची धुराडी मागे पडेपर्यंत तो कठड्याशी उभा होता, मग आत येऊन बसला. समुद्राबद्दल एवढंच म्हणाला की पाणी गढूळ आहे, तापीसारखंच.

घोघ्याला पुतणी घ्यायला आली होती. जन्माने लिंबायतची, लग्न होऊन भावनगरची. पाया पडली आणि लगेच पुडी उघडून बघितली.

"हे काय, खमण? लोचो नाही आणला?"

"लोचो नेता येत नाही, बेटा," दादा म्हणाला. "तो तिथंच खावा लागतो."

मग आम्ही सामान उचललं. वहिनींच्या दुपारच्या जेवणाची वेळ होत आली होती.