बातमीतली शेवटची ओळ

वर्तमानपत्रात अधूनमधून एक बातमी येते. गाव बदलतं, नावं बदलतात, बातमी तीच. आईनं किंवा बापानं पोटच्या लेकराचा जीव घेतला. पोलीस आले, पंचनामा झाला, गुन्हा दाखल झाला. आणि अगदी शेवटी एक ओळ असते... गेल्या काही दिवसांपासून त्यांची मानसिक स्थिती ठीक नव्हती, असे शेजाऱ्यांनी सांगितले.

मी ३४ वर्षं शाळेत मराठी शिकवलं. वाक्य दिसलं की त्याचा काळ ओळखायची खोड अजून गेलेली नाही. ही शेवटची ओळ नेहमी भूतकाळात असते. ठीक नव्हती. म्हणजे ठीक नाही हे कुणाला तरी आधीच दिसलं होतं. मग हेच वाक्य वर्तमानकाळात, "तिचं काही ठीक दिसत नाही हो, बघा जरा", असं कुणी कुणाला का म्हणालं नसेल? बरेच दिवस हा प्रश्न डोक्यात घोळतोय. आज लिहूनच टाकते.

आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते, नाहीतर वाचणारे भलताच अर्थ काढतील. मनाचा आजार असलेली बहुतेक माणसं कुणालाही इजा करत नाहीत. झालाच तर त्रास त्यांना स्वतःलाच होतो. तेव्हा हा लेख वाचून कुणी आजारी सुनेकडे, लेकीकडे संशयानं बघायला लागलं तर माझं लिहिणं फुकट गेलं असं समजेन. मला बोलायचंय ते आजूबाजूच्या शहाण्या माणसांबद्दल.

अमेरिकेतल्या ह्यूस्टन शहरातली गोष्ट बऱ्याच जणांनी ऐकली असेल. अँड्रिया येट्स. स्वतः नर्स होती, नवरा नासामध्ये इंजिनिअर. चौथ्या मुलानंतर, १९९९ साली, तिनं दोनदा जीव द्यायचा प्रयत्न केला. डॉक्टरांनी त्याच वर्षी बजावलं होतं, की आणखी मूल झालं तर हा आजार जवळजवळ नक्की उलटेल. नोव्हेंबर २००० मध्ये पाचवं मूल झालं. मार्च २००१ मध्ये तिचे वडील वारले आणि ती पुन्हा ढासळली. मे महिन्यात एके दिवशी तिनं काही कारण नसताना घरातला टब पाण्यानं काठोकाठ भरून ठेवला. सासूनं पाहिलं, विचारलं, दुसऱ्या दिवशी तिला दवाखान्यातही नेलं. काही दिवसांनी ती घरी आली. जूनच्या सुरुवातीला तिचं एक महत्त्वाचं औषध बंद झालं. आणि २० जून २००१ च्या सकाळी नवरा नऊच्या सुमाराला कामावर गेला, सासू दहाला यायची होती. मधल्या त्या एका तासात पाचही लेकरं गेली. सगळ्यात मोठा ७ वर्षांचा, सगळ्यात धाकटी ६ महिन्यांची.

२००२ मध्ये कोर्टानं तिला जन्मठेप दिली. तो निकाल २००५ मध्ये रद्द झाला आणि २००६ मध्ये दुसऱ्या ज्यूरीनं, वेडाच्या भरात केलेलं कृत्य म्हणून तिला दोषमुक्त ठरवून मनोरुग्णालयात पाठवलं. 

मला या गोष्टीत राहून राहून तो टब दिसतो. खूण दिसली नव्हती असं कुठे आहे? डॉक्टरांना दिसली, सासूला दिसली, नवऱ्याला दिसली. पण प्रत्येकाच्या हातात एकेक तुकडा होता. सगळे तुकडे एका जागी ठेवून, "आता या बाईला मुलांसोबत एक मिनिटसुद्धा एकटं ठेवायचं नाही" असं ठरवून ते पाळणारं कुणी नव्हतं.

ही झाली अमेरिका. दुसरी गोष्ट आपल्या जास्त जवळची आहे. डॉ. दक्षा एमसन, भारतीय वंशाची, लंडनमध्ये राहणारी, अतिशय हुशार. आणि ती स्वतः मनोविकारतज्ज्ञ होती! तिला बायपोलर म्हणजे मन कधी फार वर, कधी फार खाली नेणारा आजार होता, विद्यार्थीदशेपासून. बाळ हवं म्हणून तिनं लिथियमच्या गोळ्या थांबवल्या. मुलगी झाली, फ्रेया. आणि ऑक्टोबर २००० मध्ये, फ्रेया ३ महिन्यांची असताना, दक्षाच्या हातून ती गेली. दक्षाही भाजली आणि सुमारे तीन आठवड्यांनी गेली. ३४ वर्षांची होती.

२००३ मध्ये या प्रकरणाच्या स्वतंत्र चौकशीचा अहवाल आला. त्यातून पुढे आलेली गोष्ट सुन्न करणारी आहे. दक्षानं आपला आजार कामाच्या ठिकाणी लपवून ठेवला होता. कळलं तर नोकरी जाईल, लोक वेगळ्या नजरेनं बघतील ही भीती. त्यामुळे उपचार झाले तेही ओळखीतून, फारशा नोंदी न ठेवता. तिच्या स्वतःच्या पेशंटना जशी काळजी मिळाली असती तशी तिला मिळाली नाही. दुसऱ्यांची मनं बरी करणाऱ्या बाईला स्वतःच्या आजाराचं नाव उच्चारता येत नव्हतं. "लोक काय म्हणतील" हे वाक्य आपण फक्त मराठवाड्यातच बोलतो असं मला वाटायचं... ते लंडनलाही पोचलेलं आहे.

आपल्या महाराष्ट्रातला एक खटलाही सांगते. यात लेकराचा नाही, बायकोचा जीव गेला. १९९४ साली एका पोलीस शिपायानं राहत्या घरात बायकोला मारलं. खालच्या कोर्टांनी शिक्षा दिली. सर्वोच्च न्यायालयानं २००२ मध्ये त्याला वेडसरपणाच्या कलमाखाली, म्हणजे भारतीय दंडसंहितेच्या कलम ८४ खाली सोडलं. (१ जुलै २०२४ पासून तेच भारतीय न्याय संहितेचं कलम २२ झालं.) न्यायालयानं काय काय पाहिलं? वडिलांनाही मनाचा आजार होता. याच्यावर घटनेच्या आधीही उपचार झाले होते. मारल्यावर तो पळाला नाही की लपला नाही. आजाराचं नाव स्किझोफ्रेनिया. या सगळ्या गोष्टी एकत्र मांडल्या गेल्या त्या न्यायाधीशांपुढे, बाई गेल्यानंतर आठ वर्षांनी. त्या आधी मांडायला स्वयंपाकघरातला पाट पुरला असता.

आता घरचं सांगते. नातेवाईक मंडळी हे वाचतात हे मला ठाऊक आहे, म्हणूनच सांगते. ज्याचा यात सगळ्यात जास्त संबंध आहे त्या माझ्या भाच्याला विचारूनच लिहिते आहे.

१९७३ साली माझी थोरली बहीण बाळंतपणाला माहेरी आली होती. मुलगा झाला. बारसं अजून व्हायचं होतं. ताई तीन रात्री झोपलीच नव्हती. डोळे टक्क उघडे, एकटीच बोलायची, मधेच हसायची. चौथ्या दिवशी ती आजीला म्हणाली, "हे लेकरू माझं नाही. कुणीतरी बदललंय." घरात कुजबुज सुरू झाली. कुणी म्हणालं बाळंतवात, कुणी म्हणालं बाहेरची बाधा, लिंबू उतरून टाका. वडील म्हणाले, "सासरी कळता कामा नये, पोरीला नांदवणार नाहीत."

आजी शाळेत गेलेली नव्हती. तिनं कुणाशी वाद घातला नाही. ताईच्या खोलीच्या उंबऱ्यात पथारी टाकली आणि पाळ्या लावून दिल्या. दिवसा आई आणि काकू, संध्याकाळी मी, रात्री ती स्वतः. बाळ दूध पाजायला ताईकडे द्यायचं, पण दुसरं माणूस शेजारी बसलेलंच पाहिजे. पाजून झालं की बाळ उचलायचं. ताईला कुणी रागवायचं नाही, "असं काय वेड्यासारखं बोलतेस" असं म्हणायचं नाही. आणि दोन दिवसांनी वडिलांना न जुमानता आजी तिला टांग्यात घालून शहरात डॉक्टरांकडे घेऊन गेली. तिथे लाजली नाही. तीन रात्रींची झोप नाही, एकटी हसते, लेकरू माझं नाही म्हणते, हे सगळं तिनं जसंच्या तसं सांगितलं. ताई डॉक्टरांसमोर अगदी नीट बोलत होती! आजीनं सांगितलं नसतं तर त्यांना काय कळणार होतं? औषधं सुरू झाली. दोन-अडीच महिन्यांत ताई पूर्ण बरी झाली. पुढे तिनं त्या मुलाला इतकं जीव लावून वाढवलं की बघणाऱ्यांनी नाव घ्यावं.

आणि मग आम्ही सगळ्यांनी त्या विषयावर झाकण ठेवलं. ते झाकण पन्नास वर्षं निघालं नाही. ताई गेली तेव्हाही नाही.

गेल्या वर्षी भाच्याच्या मुलीला दिवस गेले. डॉक्टरांनी विचारलं, घरात कुणाला मनाचा आजार, बाळंतपणानंतर काही त्रास? तिनं नाही म्हणून सांगितलं. तिला जे ठाऊक होतं तेच ती सांगणार. हे माझ्या कानावर आलं आणि मी त्याच संध्याकाळी भाच्याला फोन लावला, सगळं सांगितलं. बावन्न वर्षांचा बाप्या माणूस, बराच वेळ काही बोललाच नाही. मला वाटलं फोन कट झाला. मग म्हणाला, "मावशी, आईला किती त्रास झाला असेल गं तेव्हा."

स्वतःबद्दल एक शब्द नाही. मला फार भरून आलं.

मुलीनं डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी आधीपासून लक्ष ठेवलं, पहिले पंधरा दिवस झोपेची चौकशी करत राहिले. सगळं सुखरूप पार पडलं. काही नातेवाइकांना मात्र मी बोलले ते आवडलेलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मला ऐकवलं गेलं. त्यांना माझं एवढंच सांगणं आहे, की त्या मुठीत आपल्याच घरातल्या पुढच्या लेकराचा जीव असतो.

या आजाराबद्दल थोडं वाचलं, तेही सांगते. बाळंतपणानंतर उदास वाटणं, रडू येणं हे पुष्कळ जणींना होतं आणि बहुधा आठवड्या-दोन आठवड्यांत ओसरतं. ताईला झालं ते वेगळं. हजार बाळंतपणांत एखाद-दोन बायकांना होतं, बहुतेक वेळा पहिल्या पंधरा दिवसांतच सुरू होतं, झपाट्यानं वाढतं, आणि उपचारांनी बरंही होतं. झोप पूर्ण उडणं, नसलेले आवाज ऐकू येणं, बाळाबद्दल भलत्याच कल्पना, बाळाला आणि मला दोघांना या जगातून सोडवायला हवं असं बोलणं... यातलं काहीही दिसलं तर ती तातडीची बाब आहे. बाळंतिणीला ताप भरला तर आपण थांबतो का? तसंच हे.

आई आणि बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग बंगळूरच्या निम्हान्समध्ये २००९ साली सुरू झाला. आपल्या राज्यातली जुनी चार मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीची. मराठवाड्याच्या वाट्याला त्यातलं एकही आलं नाही. इथल्या माणसानं आजारी बाईला घेऊन किती लांब जायचं, याचा विचार करून पाहा.

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात एक कलम फार समजूतदारपणे लिहिलेलं आहे. दाखल झालेल्या आईपासून तिचं तीन वर्षांच्या आतलं मूल शक्यतो तोडायचं नाही. पण बाळाला धोका आहे असं डॉक्टरांना वाटलं तर तेवढ्यापुरतं वेगळं ठेवायचं आणि दर पंधरा दिवसांनी फेरविचार करायचा. आणि धोका आहे की नाही हे ठरवताना, गरज पडेल तिथे डॉक्टरांनी इतरांनी दिलेली माहितीही विचारात घ्यावी, असं त्यात आहे. इतरांनी म्हणजे कुणी? तुम्ही, मी, सासू, जाऊ, शेजारीण, वर्गशिक्षिका. आपण तोंड उघडलं तरच हा कायदा चालतो.

२०२२ पासून टेलिमानस नावाची सरकारी सेवा आहे. १४४१६ हा नंबर, दिवसरात्र, फुकट, मराठीतही बोलता येतं. आजारी माणसानंच फोन करायला हवा असं नाही, घरच्यांनीही करता येतो. मुलाला धोका वाटला तर १०९८ आहे, पोलिसांसाठी ११२ आहे. हे तीन नंबर गॅसच्या नंबराशेजारी भिंतीवर लिहून ठेवा.

आणि नंबर लावण्याआधीचं कामही आहे. बाईला पाच तास सलग झोप मिळेल असं बघणं. तिच्याजवळ कुणीतरी असणं. तिनं भलतंसलतं सांगितलं तर न दचकता ऐकून घेणं आणि ते डॉक्टरांपर्यंत पोचवणं. बापांच्या बाबतीतही हेच. कर्जानं, दारूनं, आजारानं पोखरलेला बाप "आम्ही सगळेच संपून जातो" असं म्हणाला, तर ते रागाच्या भरातलं बोलणं म्हणून सोडून देऊ नये.

नाक खुपसणं आणि चौकशी करणं यात फरक आहे, तो आपल्या आज्यांना बरोबर कळायचा. शेजारच्या घरातून रात्रभर लेकराचं रडणं ऐकू आलं, तर सकाळी वाटीभर काहीतरी घेऊन दार वाजवायला हरकत नसते. दार उघडलं की विचारायचं, "काय गं, झोप झाली का?"

बाकी मग ती सांगेल, किंवा तिचे डोळे सांगतील.