मागचा दिवा

सरकारी नोकरीत माणसास वर पाहण्याची सवय लागते. मागून कोण येत आहे याची चिंता तो सहसा करीत नाही. बदल्यांच्या फेऱ्यात फिरत आम्ही करनालला येऊन पडलो. पानिपत येथून जवळच, त्यामुळे १७६१ चा उल्लेख निघाल्यावाचून आमच्या मराठी मंडळींची बैठक उठत नाही. परंतु गेल्या डिसेंबरात त्याच ग्रँड ट्रंक रोडवर आमच्यावर जो प्रसंग ओढवला, तो आम्ही बैठकीत अद्याप सांगितलेला नाही.

कचेरीच्या जीपमागे दोन चाकांचा ट्रेलर जोडून, बियाण्यांची पोती घेऊन आम्ही शेतावरून परतत होतो. जीपमध्ये यंत्रांच्या पेट्या होत्या, म्हणून वृद्ध चौकीदारास आम्हीच पोत्यांवर बसावयास सांगितले होते. धुके दाटले होते. एक म्हैस आडवी आली, ड्रायव्हरने ब्रेक दाबला, आणि मागे चाकांचा कर्कश आवाज झाला. उतरून पाहतो तो ट्रकचे नाक ट्रेलरच्या फळीपासून वीतभर दूर! ट्रकवाल्याने शिव्या दिल्या नाहीत, हेच आम्हांस अधिक लागले. तो एवढेच म्हणाला, “बाऊजी, ब्रेक मारा तो आपकी बत्ती ही बुझ गई.” चौकीदार काही बोलला नाही. त्याने घोंगडीवरचे दव झटकले.

त्या ट्रेलरचे बल्ब त्या हिवाळ्यात तीनदा बदलले गेले होते. दर खेपेस कारागिराने दिवे लावून दाखविले आणि आम्ही बिलावर सही केली. ब्रेक दाबून मात्र कोणीच पाहिले नव्हते.

रविवारी आम्ही स्वतःच ट्रेलरखाली शिरलो. “अहो, एवढ्या कचेरीत एक वायरमन नाही का?” असे सौ.नी विचारले. आम्ही म्हणालो, “आहे, पण सही आमची आहे.”

विजेचा मामला गमतीचा असतो. दिव्यात गेलेला प्रवाह बॅटरीकडे परतलाही पाहिजे. या परतीच्या वाटेस कारागीर ‘अर्थ’ म्हणतात, आणि आमच्या कित्येक टिपणांप्रमाणे येथेही नेमका अर्थच हरवला होता. सात खुंट्यांच्या प्लगमधील पांढरी तार सांगाड्याला एका बोल्टाने जोडलेली होती. आणि वार्षिक तपासणीपूर्वी ट्रेलर रंगविला तेव्हा तो बोल्ट काढून, रंगावरच पुन्हा आवळला गेला होता. तपासणीस आलेल्यांनी रंगाची स्तुती केल्याचे आम्हांस स्मरते. वाट बंद झाल्यावर मागच्या ५ वॅटच्या दिव्यांचा प्रवाह ब्रेकच्या २१ वॅटच्या तंतूंतून उलटा शिरून परतत असे, म्हणून ते दिवे जळत. ब्रेक दाबताच ती चोरवाटही बंद होई. मग लाल दिवे विझत, ब्रेकचे कसेबसे धुगधुगत आणि न बोलावता दोन्ही बाजूंचे इशाऱ्याचे दिवे मिणमिणू लागत.

आम्ही जुन्या तारा सगळ्याच काढल्या. एक तर सांगाड्याच्या भोकाशी घासून उघडी पडली होती. तेथे रबरी कडे बसविले. ब्रेक, मागचे दिवे आणि एक इशारा असे सारे एकदम लागले तर परतीच्या तारेतून सुमारे ६ अँपिअर जातात. म्हणून ती जाड घेतली आणि सांगाड्यावर विसंबून न राहता प्रत्येक दिव्यापर्यंत वेगळी नेली. सांधे नुसते पिळून न ठेवता डाख दिला. जोडणीपाशी तारेस ढील किती ठेवावी, यावर ड्रायव्हरशी अर्धा तास वाद झाला: कमी ठेवली तर वळणावर तुटते, अधिक ठेवली तर रस्त्यावर घासते. त्याचेच म्हणणे बरोबर ठरले.

दिवेलागणीस आम्ही जीपमध्ये बसलो. चौकीदार ट्रेलरमागे उभा राहिला.

“डावा?”

“जल रहा है, साहब.”

“उजवा?”

“वो भी.”

मग मागचे दिवे लावून आम्ही ब्रेक दाबला. क्षणभर मागून आवाज आला नाही.

“बुझी नहीं, साहब. और तेज़ हो गई.”

दुसऱ्या दिवशी शेतावर जाताना यंत्रांच्या पेट्या पोत्यांवर बांधल्या, आणि चौकीदार जीपमध्ये आमच्या शेजारी बसला.