उर्दू शाळेतला इंग्रजीचा तास

महाराष्ट्रात सगळ्या शाळांमध्ये पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना. त्यावर मराठीत भरपूर वाद झाले. मुलाला झेपेल का, मातृभाषेचे काय होईल, शिक्षक तयार आहेत का. या वादात उर्दू माध्यमाच्या मुलाचा हिशेब निदान माझ्या तरी वाचनात आला नाही. त्याच्या घरात दखनी, शाळेत उर्दू, बाजारात मराठी, सकाळी मक्तबात अरबी अक्षरे, आणि वर हे इंग्रजी. ऐकणारे हळहळतात, "बिचारी लेकरं, किती भाषांचं ओझं!" मी तालुक्याच्या गावी जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत तिसरी-चौथीला शिकवते. माझा अनुभव जरा वेगळा आहे.

आमची बहुतेक मुले शाळेत यायच्या आधी तासभर मक्तबात बसून आलेली असतात. तिथे कायदा शिकवतात तो हिज्जे करून. अलिफ बे जबर अब. अक्षराचे नाव वेगळे, त्याचा आवाज वेगळा आणि दोन आवाज जोडले की तिसरेच काही तयार होते, हे त्या मुलाला सहाव्या वर्षीच अंगवळणी पडलेले असते. मराठी शाळेत 'क'चे नावही 'क' आणि आवाजही 'क'. त्यामुळे 'सी' या अक्षराचा आवाज 'क' कसा, हे मराठी मुलाला पहिल्यांदा विचित्र वाटते. आमच्या मुलाला वाटत नाही. जीमचा आवाज 'ज' असतो, तसा सीचा 'क' असेल, संपले! आज ज्याला फोनिक्स म्हणून मोठमोठ्या फिया घेऊन शिकवतात, त्याचा अर्धा पाया आमच्या मौलवीसाहेबांनी फुकटात घालून दिलेला असतो. मी तोच ठेका वापरते. मुले डोलत डोलत म्हणतात, "क, ॲ, ट, कॅट." डोलू नका असे मी सांगत नाही.

अडचण दुसरीकडे आहे. उर्दूत जबर, जेर, पेश लिहीत नाहीत, वाचणाऱ्याने ते समजून घ्यायचे असतात. ही सवय इंग्रजीत आली की मुले स्वर गाळतात किंवा कुठलाही घालतात. बॅग, बेग आणि बिग त्यांना एकच. यासाठी मी पाच मुलांच्या गळ्यात पाच स्वरांच्या पाट्या अडकवते. एका बाजूला 'बी' झालेली मुलगी, दुसऱ्या बाजूला 'जी' झालेला मुलगा, मध्ये जागा रिकामी. स्वर एकेक करून मध्ये शिरतो आणि वर्ग ओरडतो. बॅग झाली की दप्तर उचलायचे, बिग झाले की हात पसरायचे, बेग झाले की भीक मागायची, बग झाला की किडा होऊन सरपटायचे. 'ओ' शिरला की बॉग, म्हणजे दलदल. ती आमच्या दुष्काळी भागात कुणी पाहिलेली नाही, म्हणून तो स्वर नुसता हसून बाहेर जातो. शब्दाबरोबर अंग हलले की शब्द टिकतो, हे जेम्स ॲशर नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने गेल्या शतकात सांगितले आणि त्याला पद्धतीचे रूप दिले. आमच्या वर्गात भिंतीपलीकडच्या शिक्षकांची तक्रार येईपर्यंत ही पद्धत चालते.

वहीचीही एक गंमत आहे. उर्दू उजवीकडून, इंग्रजी डावीकडून. दोन वह्या घेणे सगळ्यांना परवडत नाही, म्हणून एकच वही दोन्ही टोकांनी सुरू होते. एका बाजूने उर्दू, दुसऱ्या बाजूने इंग्रजी, आणि वर्ष संपताना दोन्ही भाषा मध्ये कुठेतरी भेटतात. दिशेचा गोंधळ होतो का, असे पाहुणे विचारतात. फारसा होत नाही. उर्दूतही आकडे डावीकडूनच लिहितात, त्यामुळे हाताला दोन्ही वाटा माहीत असतात.

शब्दसंग्रहासाठी मी पुस्तकातल्या चित्रांवर फार वेळ घालवत नाही. मुलांना घरी पाठवते. "अब्बू कामावर कोणते इंग्रजी शब्द बोलतात, ते ऐकून या." शिंप्याची मुलगी शोल्डर, चेस्ट, कॉलर, कफ, पॉकेट घेऊन आली. गॅरेजवाल्याच्या मुलाने क्लच, ब्रेक, गिअर, प्लग आणि टायरची इतकी लांब यादी आणली, की फळा पुरला नाही. बेकरीतून बटर, क्रीम रोल, टोस्ट आले. खारी इंग्रजी आहे की नाही, यावर वर्गात भांडण झाले. दुसऱ्या दिवशी शिंप्याची मुलगी टेप घेऊन आली आणि तिने एकेकाचे शोल्डर मोजले. वर्षभर खाली मान घालून बसणारी ही मुलगी त्या दिवशी "स्टँड स्ट्रेट!" म्हणून पोरांना दटावत होती. ते वाक्य मी शिकवलेले नव्हते. बहुधा कवायतीच्या तासाला ऐकलेले असावे.

या सगळ्यात मला महत्त्वाचा वाटतो तो चौथीचा प्रकल्प. कॅपिटल अक्षर ना उर्दूत, ना मराठीत. ते शिकवायचे तर नावापासून सुरुवात करणे बरे. म्हणून 'माझे नाव' असा प्रकल्प दिला. घरी जितकी कागदपत्रे आहेत, त्यांवर आपले आणि अब्बूंचे नाव इंग्रजीत कसे लिहिले आहे, ते अक्षर न चुकता उतरवून आणायचे. लसीकरणाचे कार्ड, जन्मदाखला, आधार, बँकेचे पासबुक.

मुलांनी जे आणले ते मी बराच वेळ बघत बसले. एकाच माणसाच्या आडनावातला शेख एका कागदावर 'ए आय'ने, दुसऱ्यावर 'ई आय'ने, तिसऱ्यावर शेवटच्या 'एच'शिवाय. मोहम्मद कुठे पूर्ण, कुठे 'एम ओ एच डी', कुठे नुसते 'एम डी'. एका मुलीच्या कागदांवर तर तिची अम्मी एकीकडे बी आहे, दुसरीकडे बेगम, तिसरीकडे बानो. वर्गात हशा पिकला. मग एक मुलगा म्हणाला, "आपा, इसमें सही कौनसा?"

खरे तर यातले कुठलेच चूक नाही. आपली नावे अरबी-फारसीतून आली, दखनीतून बोलली गेली, मराठी कारकुनाने कानांनी ऐकली आणि संगणकावर बसलेल्या पोराने इंग्रजीत टाइप केली. प्रत्येक ठिकाणी ऐकणाऱ्याने आपल्या परीने न्याय केला. पण कागद तसे मानत नाही. शाळेच्या ऑनलाइन नोंदीत नाव आधारशी जुळावे लागते. पुढे शिष्यवृत्ती, दहावीचे प्रमाणपत्र, पासपोर्ट, सगळीकडे हेच. आणि मुसलमानाच्या घरात कागद न जुळण्याची भीती काय असते, हे गेल्या काही वर्षांत वेगळे सांगायला नको. मोहल्ल्यात लोक कागदांची पिशवी लग्नातल्या दागिन्यांसारखी जपतात, पण तिच्यात काय लिहिले आहे ते वाचता येत नाही. नऊ वर्षांचे पोर ते वाचू लागले, अक्षराला अक्षर लावून पाहू लागले, तर इंग्रजीच्या तासाकडून आणखी काय मागायचे?

पुढचा भाग पालकांचा होता. मुलांनी घरी जाऊन एक स्पेलिंग ठरवून घ्यायचे. अम्मी, अब्बू आणि दादी-नानी बसून. काही घरांत आधार ज्या स्पेलिंगचे तेच कायम झाले, काही घरांत सगळेच बदलायचे ठरले. एका आजोबांनी निरोप पाठवला, नावात 'ऐन' आहे तो इंग्रजीत कसा दाखवणार ते आधी सांगा. त्यांना मी उत्तर दिले की इंग्रजीकडे ऐन नाही. त्यांनी उलट निरोप पाठवला, "तो फिर वो अधूरी जुबान है."

नाव शाळेत असेपर्यंत दुरुस्त करणे त्यातल्या त्यात सोपे, दाखला हातात पडल्यावर कठीण. म्हणून मुख्याध्यापकांशी बोलून चौथीच्या पालकांसाठी अर्जाचा नमुना उर्दू आणि मराठीत लिहून ठेवला आहे. इंग्रजीतले नाव मात्र मूल स्वतः भरते, पहिले अक्षर कॅपिटल. आतापर्यंत सात अर्ज गेले. दोन परत आले, कारण जन्मदाखल्यावर वडिलांचे नाव वेगळे निघाले. त्या दोघांना घेऊन येत्या शनिवारी, अर्धी शाळा झाली की, नगरपालिकेत जायचे आहे. शिंप्याची मुलगी त्यातली एक.