जुन्या नौकेचे शीड

हिंगोली जिल्ह्यातील औंढा नागनाथ हे क्षेत्र समुद्रापासून फार दूर आहे. तेथील मंदिराचा खालचा भाग काळ्या पाषाणात कोरलेला, यादवकालीन घडणीचा; वरचे शुभ्र शिखर मात्र नंतरच्या काळचे. त्या जीर्णोद्धाराशी अहिल्याबाई होळकर यांचे नाव परंपरेने जोडले जाते. जुन्या पायावर नवे शिखर चढवायचे असेल, तर गवंड्याला आधी पायाचे माप घ्यावे लागते. नव्याने जुन्याशी जुळवून घ्यायचे असते, जुन्याने नव्याशी नव्हे.

जुनी शिडाची नौका बाळगणाऱ्या माणसापुढे हाच प्रश्न अधिक अवघड होऊन उभा राहतो. नवे शीड शिवून घ्यायचे, तर खर्च कधी कधी नौकेच्या किमतीच्या जवळ जातो. म्हणून तो दुसऱ्या नौकेवरून उतरलेले, वापरलेले शीड शोधू लागतो. येथे दोन्ही वस्तू जुन्या असतात, आणि दोघींचाही आपापला इतिहास असतो. शिंपी अंगाप्रमाणे कापड बेततो. वापरलेल्या शिडाच्या बाबतीत मात्र बेतलेल्या कापडाला साजेसे अंग आपल्याजवळ आहे की नाही, हे पाहावे लागते.

म्हणून जाणता खरेदीदार बाजारात जाण्यापूर्वी स्वतःची नौका मोजतो. मुख्य शिडाला तीन कडा असतात : डोलकाठीला लागणारी उभी कड, खालच्या आडव्या काठीला लागणारी तळाची कड आणि वाऱ्यात मोकळी राहणारी मागची कड. पहिल्या दोन कडांची मर्यादा नौकाच ठरवते. शीड थोडे लहान निघाले तर नौका थोडी मंद चालते, एवढेच. मोठे निघाले तर ते ताणलेच जात नाही आणि सुरकुतलेले शीड वारा धरत नाही. मोठे शीड कापून लहान करता येते. पण कारागिराची मजुरी धरली की स्वस्ताईचा हिशेब अनेकदा उलटतो. शीड काठीच्या खाचेत सरकते की कड्यांनी अडकते, हेही आधीच पाहावे लागते. माप जुळूनही जोड जुळली नाही, तर सौदा फसतो. त्याच बनावटीच्या दुसऱ्या नौकेचे शीड सर्वांत जवळचे खरे. पण जुन्या नौकेची डोलकाठी मध्यंतरी कोणी बदललेली असू शकते. म्हणून कागदावरच्या मापापेक्षा फितीचे माप श्रेष्ठ.

यानंतर येते ती कापडाची पारख, आणि येथे कापडाच्या व्यापारात वाढलेल्या घरांना फारसे शिकवावे लागणार नाही. ताण्याच्या किंवा बाण्याच्या दिशेने ओढलेले कापड दम धरते. तिरके ओढले की सैल पडते. वाऱ्याचा ताण वर्षानुवर्षे असाच तिरका बसला की शिडाला पोट सुटते. लांबीरुंदी कायम राहते, आकार हरवतो. असे शीड मोजपट्टीला उतरते, पण वाऱ्याला उतरत नाही. उन्हाने प्रथम झिजतो तो शिवणीचा दोरा. नखाने ओढताच तो तुटला, तर शिवण नव्याने घालावी लागेल असे समजावे. मात्र कापडच हाताने फाटू लागले, तर ते शीड फुकटही महागच.

एके काळी शिडे तागाची व सुताची असत. १८५१ साली इंग्लंडमधील वाइट बेटाभोवतीची शर्यत जिंकणाऱ्या ‘अमेरिका’ या नौकेची शिडे सुती होती. तागाच्या शिडांहून ती सपाट राहत, हे तेव्हा सर्वांच्या ध्यानात आले. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पॉलिएस्टरने सुताची जागा घेतली. ते कुजत नाही, पण ऊन त्यालाही खाते.

वापरलेली वस्तू घेण्यात कमीपणा नाही. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनी नरोत्तम मोरारजी आदी सहकाऱ्यांसह १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभी केली. तिची पहिली बोट ‘लॉयल्टी’ ही ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेली, १८९१ च्या सुमारास बांधलेली जुनी प्रवासी बोट होती. ५ एप्रिल १९१९ रोजी ती मुंबईहून लंडनला निघाली. तो दिवस आज राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो. १९२३ मध्ये ती मोडीत निघाली, पण कंपनी पुढे दीर्घकाळ चालली. जुन्या वस्तूने आरंभ करता येतो. ती किती काळ साथ देईल, याचा अंदाज मात्र घेणाऱ्यानेच बांधायचा असतो.

समुद्रावर चुकलेल्या अंदाजाची किंमत पैशात मोजली जात नाही. गोव्यात बांधलेल्या ‘म्हादेई’ या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९–१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्याच नौकेतून अभिलाष टॉमी यांनी २०१२–१३ मध्ये कोठेही न थांबता तीच वाट पुरी केली. अशा प्रवासात शीड फाटले तर भर समुद्रात दुकान नसते. सुई-दोरा आणि स्वतःचे हात, एवढेच जवळ असते. किनाऱ्याजवळ फिरणाऱ्या लहान नौकेलाही हा नियम सुटत नाही. वारा खडकाकडे लोटत असता ऐन वेळी शीड उसवले, तर वाचवलेली रक्कम कामी येत नाही.

जुन्या शिडाचा भाव विक्रेता सांगतो. त्याचे मोल मात्र नौका ठरवते. ज्याने आपली नौका नीट मोजली आहे, त्याला दहा शिडांपैकी नऊ नाकारताना संकोच वाटत नाही. आणि दहावे हाती आले की त्याच्यासाठी योग्य दाम मोजताना त्याचा हातही मागे सरत नाही.