रात्रीचा रिपोर्ट

नर्सच्या भीतीबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. रोग्याची भीती सगळ्यांना दिसते, नातेवाइकांची तर व्हरांडाभर पसरलेली असते. नर्सची भीती हिशेबाची असते. डिगॉक्सिनची गोळी देण्याआधी नाडी पूर्ण मिनिटभर मोजायची, साठच्या खाली भरली तर गोळी द्यायची नाही. पोटॅशियम कधीही थेट शिरेत सोडायचं नाही, सलाईनमध्ये मिसळून सावकाश जाऊ द्यायचं. पेनिसिलीनआधी कातडीवर चाचणी. हे सगळं पाठ असतं, आणि पाठ असूनही रात्री दोन वाजता ॲम्प्युलवरचं नाव पुन्हा एकदा दिव्याखाली धरून वाचावं लागतं. ड्यूटी संपवून खोलीवर जाऊन आडवं झालं की प्रश्न सुरू होतात. पाच नंबरची नाडी मी खरंच मोजली, की मोजली असं नुसतं वाटलं? मला ते पहिल्या वर्षापासून छळत. छातीत धडधड व्हायची, तळहात ओले व्हायचे. बरोबरच्या मुली दिवसा पडद्याआड घोरत पडलेल्या असत आणि मी छताकडे बघत.

मिरजेच्या मिशन हॉस्पिटलात मी नर्सिंग शिकायला गेले ते 1972 साल. डॉ. विल्यम वॉनलेस यांनी 1894 मध्ये सुरू केलेलं हे हॉस्पिटल. त्यांच्या नावाची वॉनलेसवाडी जवळच. बाहेरच्यांना मिरज म्हटलं की तंबोरे आठवतात, दर्ग्यातली अब्दुल करीम खाँसाहेबांची कबर आठवते. आमच्या घरात मात्र मिरज हे नाव आजोबांच्या हर्नियामुळे दुमदुमत असे. त्यांना तिथे जीवदान मिळालं म्हणून नातीने तिथेच सेवा करायची, असं माझ्या जन्माआधीच ठरलेलं होतं की काय कोण जाणे.

आम्ही कोल्हापूरकडचे, तिसऱ्या पिढीचे ख्रिस्ती. वडील प्राथमिक शिक्षक. रविवारी संध्याकाळी पेटी निघायची, ‘उपासना संगीत’ उघडलं जायचं. नारायण वामन टिळकांची गीतं वडिलांची विशेष लाडकी. ख्रिस्ताला माउली म्हणून हाक मारणारा हा एकच कवी मला कळतो, असं ते म्हणत. पण खुद्द वडिलांची प्रार्थना पत्रासारखी असायची. वर मायना, मग उपकारस्मरण, मग मागणं, खाली आमेन. हस्ताक्षरही सुवाच्य म्हणावं अशी. तीत ‘मला भीती वाटते’ हे वाक्य कुठे घालायचं, हे मला कधी सापडलं नाही. घालायचं नसतंच, अशी माझी समजूत होती.

ती समजूत मोडली एका आयाने. वॉर्डात तिला सगळे मावशी म्हणत, मीही तेच म्हणणार. बेडपॅन देणं, चादरी बदलणं, ऑपरेशनहून आलेला रोगी ट्रॉलीवरून उचलणं आणि गेलेल्याला शेवटचं पुसून काढणं ही तिची कामं. पदाच्या उतरंडीत आम्ही विद्यार्थिनी तिच्या वर होतो. खरं तर मेट्रनबाईंनंतर वॉर्डात दरारा तिचाच.

1918 च्या मानमोडीत, म्हणजे इन्फ्लुएंझाच्या साथीत, तिचे आईबाप आठवड्याभरात गेले. तान्ही पोर कुणीतरी केडगावला पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनमध्ये नेऊन सोडली. रमाबाई आठवतात का, असं मी एकदा मोठ्या अपूर्वाईने विचारलं. “पांढरं लुगडं आठवतंय,” ती म्हणाली, “आन् पाठीवरला हात. चार-पाच वर्साची असंन मी.” रमाबाई 1922 च्या एप्रिलमध्ये वारल्या, त्यामुळे हिशेब जुळतो. रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल मराठीत आणलं, आणि ते मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायकांच्या हातून छापलं गेलं. त्या अवधीत, 1921 साली, त्यांची एकुलती एक मुलगी मनोरमा गेली. तरी काम थांबलं नाही. मावशीला जिने वाढवलं ती बाई त्या छापखान्यात टाइप जुळवायची. पुढे मावशीची नजर पुस्तकात फारशी रमली नाही, पण त्या बाईच्या तोंडून ऐकून तिला स्तोत्रंच्या स्तोत्रं पाठ झाली. मुक्तीतल्या बायका सगळ्या एकदमच मोठमोठ्याने प्रार्थना करीत, प्रत्येकीची वेगळी. “कुणाचं कुणाला ऐकू यायचं न्हाई. देवाला यायचं,” असं ती सांगे.

मी मिरजेला गेले ते वर्ष दुष्काळाचं होतं. जत, कवठेमहांकाळ, आटपाडीकडची माणसं खडी फोडायच्या कामावर होती, मिलो आणि सुकडीवर दिवस काढीत होती. हातापायांना जखमा, जखमांत माती, आणि त्यातून धनुर्वात. असा एक मुलगा आमच्याकडे आला. नऊ-दहा वर्षांचा. आईबापांबरोबर कामावर असताना तळपायात धारदार कपची घुसली होती. ती जखम वरून भरत आली आणि मग एके सकाळी त्याला भाकरी खायला तोंड उघडेना.

धनुर्वाताची खोली ज्यांनी पाहिली नाही त्यांना ती सांगणं कठीण. खिडक्यांना काळे पडदे. दार आपटायचं नाही, भांडं वाजू द्यायचं नाही, बोलायचं तर कानाशी. उजेडाची तिरीप, खाटेला लागलेला धक्का, एवढ्यानेही झटका येतो आणि अंग कमानीसारखं उचललं जातं, डोकं आणि टाचा तेवढ्या टेकलेल्या. सगळ्यात वाईट म्हणजे त्याला सगळं कळत असतं. शुद्ध जात नाही. सीरम दिलेलं, पेनिसिलीन चालू, झटके दाबायला डायझेपाम. बाकी आमच्या हातात राखण करणं.

त्या खोलीत माझी रात्रपाळी लागली. मावशी दर तासाला यायची, अनवाणी, बांगड्या कोपरापर्यंत मागे सारून. आत यायची नाही. दारात उभी राहायची, डोळे उघडे. मिशनच्या आवारात प्रार्थना म्हणजे डोळे मिटणं, हात जोडणं हे मला लहानपणापासून ठाऊक. मावशी डोळे मिटत नसे. “मिटलं की कुणीतरी सलाईन उपसतंय,” हे तिचं कारण. मुक्तीत आरडून प्रार्थना शिकलेली ही बाई त्या दारात ओठसुद्धा न हलवता उभी राही. मीही प्रार्थना करीत होते, वडिलांच्या पद्धतीने, मायन्यासकट. हा मुलगा वाचू दे. एवढं एकच.

तो वाचला नाही. झटका आला आणि श्वास अडकला तो परत आलाच नाही. डॉक्टर तिथेच होते, करण्यासारखं सगळं झालं होतं. पहाटे मी आणि मावशीने त्याला आवरलं. तिने त्याचे तळपाय कोमट पाण्याने धुतले, त्या जखमेसकट, आणि बापाला बोलावलं.

सकाळी वॉर्डात रोजच्यासारखी उपासना झाली. गीत झालं, वाचन झालं. माझ्या तोंडून शब्द फुटेना. मी मावशीला सरळ म्हटलं, “मला आता हे खरं वाटत नाही.” विद्यार्थिनीने मिशनच्या आवारात असं बोलायचं म्हणजे धाडसच. मला वाटलं ती दटावेल, किंवा देवाची योजना आपल्याला कळत नाही वगैरे म्हणेल. हे वाक्य मी पुढे अनेक अंत्यविधींना अनेक पाळकांच्या तोंडून ऐकलं, आणि दर वेळी ते थांबवावंसं वाटलं.

मावशीने विचारलं, “सकाळच्या शिस्टरला रिपोर्ट दिलास?”

“दिला.”

“काय सांगितलंस?”

मी सांगितलं. किती वाजता झटका आला, काय दिलं, नाडी कधी सुटली, कुणाला बोलावलं.

“खोटं काय घातलंस त्यात? बरं हाय, झोप लागली, असं?”

“असं कसं घालीन?”

“मग त्येला बी तसाच दे की. जे झालं ते. तुला खरं वाटंना, ते बी घाल. रिपोर्ट दिला, किल्ल्या दिल्या, मग घरी जायचं असतंय. तू किल्ल्या कमरंलाच खोचून झोपतीस.”

ज्यांनी वॉर्ड सांभाळला आहे त्यांनाच हे नीट कळेल. रिपोर्ट देणं म्हणजे खाटेखाटेशी उभं राहून पुढच्या पाळीच्या हाती सगळं सोपवणं. त्यात वाईट बातमी लपवता येत नाही, आणि चांगली नाही म्हणून रिपोर्ट टाळताही येत नाही. रिपोर्ट दिल्याने रोगी बरा होत नाही. फक्त तो आता एकट्या तुमचा राहत नाही. मी त्या दिवशी खोलीवर जाऊन, भिंतीकडे तोंड करून, आयुष्यातली पहिली बिनमायन्याची प्रार्थना केली. ती इथे लिहिण्याजोगी नाही. बरीचशी भांडणच होतं. मग मला झोप लागली. चमत्कार म्हणायचा तर एवढाच.

पुढे शास्त्र वाचताना मला जाणवत गेलं की मावशीने काही जगावेगळं सांगितलं नव्हतं. गेथशेमाने बागेत येशू स्वतःच्या मरणाला भ्याला आहे, प्याला टळावा म्हणून त्याने विनवणी केली आहे, आणि लूकने त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडल्याचं लिहून ठेवलं आहे. मार्कच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप विश्वास आणि अविश्वास एकाच दमात कबूल करतो. येशू त्याला आधी अविश्वास पुसून ये असं सांगत नाही, मुलाला बरं करतो. स्तोत्रसंहितेतलं 23 वं स्तोत्र सगळ्यांच्या भिंतीवर असतं. 88 वं मी कुणाच्या भिंतीवर पाहिलेलं नाही. तक्रारीने भरलेलं ते स्तोत्र शेवटी अंधारातच थांबतं, कुठलाही दिलासा न देता. मावशीला ते पाठ होतं. भीती वाटणं म्हणजे विश्वास कमी, असं व्यासपीठावरून ठासून सांगणाऱ्यांनी ते एकदा तरी उपासनेत वाचावं, असं मला फार वाटतं. आपल्याकडे तर देवाशी भांडायची केवढी परंपरा. जनाबाईने विठोबाला शिव्या घातल्या तरी तिचं नाव संतांतच राहिलं. ख्रिस्ती झाल्यावर आपण एवढे शिष्टाचारी का झालो?

मावशी कुणासाठीही परस्पर प्रार्थना करीत नसे. आधी विचारायची, “तुमच्यासाठी मागू का?” एकदा माळ घातलेल्या, पंढरीच्या वाटेवर पाय सुजून आलेल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं, “माग, पण माझ्या विठोबाच्या नावानं माग.” ती हसून म्हणाली, “तुमचं तुम्ही घ्या, माझं मी घेते. पाय तर एकच हाय.” दोघं आपापल्या परीने पुटपुटले. मग तिने त्याच्या पायाखाली उशी सारली.

ओळखीचे एक मानसोपचारतज्ज्ञ मला सांगतात की हे सगळं बोलून मोकळं होण्याचं तंत्र आहे, समोर कुणी नसलं तरी चालतं. असेलही. मी त्यांच्याशी वाद घालत नाही, कारण झोप लागते हे त्यांनाही मान्य आहे. पण मला रिकाम्या खुर्चीला रिपोर्ट देता येत नाही. तो मुलगा का गेला, हे मी अजून विचारते. उत्तर आलेलं नाही. विचारणं मात्र एकतर्फी वाटत नाही. याहून जास्त सांगायला गेले तर मावशीच्या भाषेत त्यात खोटं शिरेल.

ड्यूटीवरची भीती गेली म्हणावं तर तसंही नाही. निवृत्त होईपर्यंत मी नाडी मोजताना घड्याळाकडे बघत मनात ‘मोजतेय, बघ’ म्हणत असे. माझ्या हाताखाली शिकलेल्या मुलींना वाटायचं बाई पुटपुटतात, आकडे विसरतात की काय.

नोकरीसाठी मी दुसऱ्या गावी गेले. मावशी निवृत्त होऊन कुपवाडला भाच्याकडे राहू लागली. ऐंशीच्या दशकात तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला आणि भाच्याचं कार्ड आलं की मावशी ऑपरेशनला उभी राहत नाही. मी गेले. आयुष्यभर रोग्यांना टेबलावर नेऊन ठेवणारी बाई भिंतीला टेकून बसली होती, हात गार. तेव्हा मोतीबिंदूनंतर डोळ्याला पट्टी बांधून हलू न देता पाडून ठेवत. त्या अंधाराची तिला धास्ती होती. “ती दातखीळ बसलेली पोरं दिसतील,” म्हणाली. मला वाटत आलं होतं की तिला भीती ठाऊकच नाही.

“तूच माग आज,” ती म्हणाली. तिच्यासमोर तोंड उघडून प्रार्थना करायची माझ्यावर कधी वेळ आली नव्हती. मी गोंधळले आणि थेट वडिलांच्या मायन्यावर गेले. हे परमदयाळू, सर्वसमर्थ, असं सुरू झालं. मावशीने माझ्या गुडघ्यावर चापट मारली.

“लांबण लावू नगं. रिपोर्ट दे.”

मग मी दिला. वय अमुक, मोतीबिंदू, साखर नाही, रक्तदाब थोडा वर, रोगी घाबरलेला आहे, पट्टीच्या अंधाराला भितो, रात्री कुणीतरी जवळ असावं. डॉक्टरांचा हात स्थिर राहो. आमेन.

मावशी काही आमेन म्हणाली नाही. तिने विचारलं, “कुठला डोळा ते सांगितलंस?”

नव्हतं सांगितलं.

“डावा,” मावशी वर बघून म्हणाली. “डावा हाय.”