स्वयंवरानंतरची कथा

पुराणातल्या प्रेमकथेचा पहिला भाग सहसा फसत नाही. फसतो तो पुढचा. पहिल्या भागात दोन माणसांना एकमेकांची ओढ असते आणि घरदार, कुळ, राज्य आड येते. रचणाऱ्याला ताण निर्माण करावा लागत नाही, तो कथेतच असतो. लग्न लागले की हा ताण संपतो. पुढचा भाग लिहिणाऱ्याची खरी परीक्षा तिथून सुरू होते.

याचे विदर्भातले ठळक उदाहरण म्हणजे रुक्मिणीची कथा. विदर्भराज भीष्मकाच्या या मुलीचे लग्न तिचा भाऊ रुक्मी याने चेदिराज शिशुपालाशी ठरवले. तिने एका ब्राह्मणाकरवी कृष्णाला निरोप धाडला. अंबिकेच्या दर्शनाहून परतताना कृष्णाने तिला रथात घेतले. भागवताच्या दशम स्कंधात बावन्न ते चौपन्न या तीन अध्यायांत हे सारे येते. निरोप, वाट पाहणे, हरण, पाठलाग, युद्ध आणि लग्न अशी भक्कम बांधणी मुळातच आहे.

म्हणून मराठी कवी पुन्हा पुन्हा या कथेकडे वळले. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात महदाइसेने ऋद्धिपूर येथे महानुभाव पंथाचे गुरू गोविंदप्रभूंच्या विवाहाच्या लीलेनिमित्त कृष्ण-रुक्मिणीच्या विवाहाचे धवळे, म्हणजे लग्नगीते, रचले. १२९२च्या सुमारास नरेंद्राने ‘रुक्मिणीस्वयंवर’ लिहिले. १५७१मध्ये एकनाथांनी काशीत त्याच नावाचा ग्रंथ पूर्ण केला. अठरा प्रसंगांच्या या ग्रंथात देवांच्या लग्नाला मराठी घरातले लग्नविधी लाभले. उपवर मुलींनी तो वाचावा ही प्रथा पुढे पडली. यांपैकी पहिल्या दोन रचना महानुभाव पंथातल्या. भंडाऱ्याच्या लोकांना हा पंथ परका नाही. पंथप्रवर्तक चक्रधरांचे शिष्य निळभट्ट भांडारेकार इथलेच.

या प्रेमकथेच्या पुढच्या भागाने निराशा केल्याची जुनी नोंदही याच पंथात सापडते. चौदाव्या शतकाच्या आरंभी भास्करभट्ट बोरीकरांनी ‘शिशुपाळवध’ रचला. शिशुपाल हा रुक्मिणीचा नाकारलेला नवरदेव. त्यामुळे हा ग्रंथ स्वयंवराच्या कथेचा स्वाभाविक पुढचा भाग ठरतो. नावावरून श्रोता वैराची आणि वधाची वाट पाहतो. कवी मात्र द्वारकेतल्या कृष्ण-रुक्मिणीच्या रुसव्यात, विरहात आणि शृंगारात मनापासून रमला. परंपरा सांगते, की ग्रंथ ऐकून एका गुरुबंधूने अभिप्राय दिला : काव्य चांगले उतरले आहे, पण ते संसारात रमलेल्यांच्या कामाचे आहे, विरक्तांच्या नाही. भास्करभट्टांनी हा अभिप्राय मानला. भागवताच्या अकराव्या स्कंधावर त्यांनी ‘उद्धवगीता’ रचली. पुढे पंथाने आपल्या सात मान्य काव्यग्रंथांत, म्हणजे साती ग्रंथांत, या दोन्ही ग्रंथांना स्थान दिले.

या प्रसंगातून रचनाकाराने दोन गोष्टी शिकाव्यात. निराशा नेहमी निकृष्ट लेखनातून येत नाही. पहिल्या भागाने श्रोत्याला ज्या वाटेवर आणलेले असते ती वाट पुढच्या भागाने सोडली, तर सुंदर ओवीही त्याला परकी वाटते. दुसरी गोष्ट अशी, की आधीच्या ग्रंथाची मोडतोड करून अभिप्रायाला उत्तर देता येत नाही. ते नव्या ग्रंथानेच द्यावे लागते.

ग्रीक पुराणकथांत याच्या उलट दोष दिसतो. ‘ओडिसी’त पेनेलोपी वीस वर्षे नवऱ्याची, ओडिसियसची, वाट पाहते आणि शेवटी दोघांची भेट होते. या कथेचा पुढचा भाग म्हणून ‘टेलेगोनी’ हे दोन सर्गांचे काव्य रचले गेले. ते सायरीनच्या युगॅमॉनच्या नावावर सांगितले जाते. मूळ काव्य हरवले, सारांश उरला. त्यात ओडिसियसला सर्सी या जादूगारणीपासून झालेला मुलगा टेलेगोनस बापाला न ओळखता ठार करतो. मग पेनेलोपीचे लग्न टेलेगोनसशी, सर्सीचे पेनेलोपीचा मुलगा टेलेमॅकस याच्याशी होते आणि सर्सी सर्वांना अमर करते. ओडिसियसच्या मरणाविषयीचे भाकीत होमरने आधीच पेरून ठेवले होते, त्यामुळे धागा खोटा नव्हता. पण निदान सारांशात तरी घटनांवर घटना रचल्या जातात आणि वीस वर्षांच्या वाट पाहण्याचे मोल पुसले जाते. ज्या निष्ठेसाठी श्रोता या जोडप्यावर जीव लावतो, तिचाच पुढच्या भागाला विसर पडतो. ग्रीक देवदेवतांवर आज लिहिल्या जाणाऱ्या प्रेमकादंबऱ्यांच्या मालिकांनाही हाच धोका असतो. नावे हेडीस आणि पर्सेफोनी अशी राहतात, पण पाताळाचा राजा आणि त्याने पळवून नेलेली मुलगी हा त्या नावांमागचा पेच उरत नाही.

पुढच्या भागाचे खरे साहित्य पहिल्या भागात न सुटलेल्या गाठीत असते. रुक्मिणीच्या कथेत अशा दोन गाठी आहेत आणि भागवताने दोन्ही हाताळल्या आहेत. पहिली गाठ तिच्या निवडीची. साठाव्या अध्यायात कृष्ण तिला म्हणतो, की राजांच्या भयाने समुद्राकाठी येऊन राहिलेल्या माझ्यासारख्याला वरून तू चूक केलीस, अजूनही एखादा तोलामोलाचा क्षत्रिय निवड. ही थट्टा असते, पण रुक्मिणी मूर्च्छित पडते. सावरल्यावर ती त्याच्या प्रत्येक मुद्द्याला उत्तर देते. इथे युद्ध नाही, हरण नाही. तरीही प्रसंग रंगतो, कारण निरोप पाठवणारी मुलगी आता पत्नी म्हणून तोच निर्णय पुन्हा, स्वतःच्या तोंडाने घेते.

दुसरी गाठ भावाची. पराभवानंतर विद्रूप केलेला रुक्मी विदर्भाच्या राजधानीत, कुंडिनपुरात, परतत नाही. तो भोजकट नगर वसवून राहतो. पुढे नाते जुळते, त्याच्या नातीचे लग्न कृष्णाचा नातू अनिरुद्ध याच्याशी होते. त्याच लग्नात द्यूताच्या भांडणातून कृष्णाचा भाऊ बलराम रुक्मीला मारतो. कृष्ण काहीच बोलत नाही. बोलला तर पत्नी तरी दुखावेल, नाहीतर भाऊ. एकसष्टाव्या अध्यायातले हे मौन स्वयंवराच्या आनंदाची किंमत दाखवते.

भंडारा जिल्ह्यात या कसबाची पारख रंगमंचावर होते. झाडीपट्टीच्या या मुलखात दिवाळीनंतर मंडया भरतात आणि रात्रभर दंडार हे लोकनाट्य चालते. समोर बसलेल्यांना पुराणातली गोष्ट आधीच ठाऊक असते. पुढे काय होणार, या उत्सुकतेवर त्यांना पहाटेपर्यंत धरून ठेवता येत नाही. पात्र आता कसे वागेल, काय बोलेल, याचीच ओढ त्यांना बसवून ठेवते. म्हणून पुढचा भाग बांधताना नवा खलनायक, नवे हरण किंवा नवा चमत्कार आणण्याआधी पहिल्या भागात कोण दुखावले गेले आणि कोणत्या निर्णयाची किंमत चुकवायची राहिली, हे शोधावे. ते सापडले तर पुढच्या भागाला कारण आहे. सापडले नाही, तर कथा लग्नाच्या मांडवातच पूर्ण झाली असे समजून तिथेच थांबावे.