तिसरी हाक

भिवंडीत वाढलेल्यांना आवाजाचं काही वाटत नाही, भीती वाटते ती आवाज थांबण्याची. लूमच्या खडखडाटातच आम्ही झोपायचो. मे १९८४मध्ये ती खडखड थांबली, तेव्हा आळीतली पोरं अंथरुणात उठून बसली. दंगल, मग संचारबंदी. बाबा कारखान्यात अडकले. मी आठ वर्षांची होते.

गिएर्मो देल तोरो यांचा ‘पॅन्स लॅबिरिंथ’ पाहताना ते दिवस जसेच्या तसे समोर आले. २००६चा हा स्पॅनिश चित्रपट परीकथेसारखा सुरू होतो, पण लहानांना दाखवण्याजोगा नाही. काळ १९४४चा. स्पेनमधलं यादवी युद्ध संपून पाच वर्षं झाली आहेत, तरी रानात लपलेल्या बंडखोरांची शिकार चालूच आहे. शिकार करणाऱ्या कॅप्टन विदालची सावत्र मुलगी म्हणजे ओफेलिया. पडक्या चक्रव्यूहात तिला शिंगं असलेला फॉन भेटतो आणि तीन कामगिऱ्या सोपवतो.

पोरीनं शोधलेली पळवाट, असं याला म्हणतात. मला ते पटत नाही. खडूनं भिंतीवर दार काढून ती पलीकडे जाते, तर तिथे पक्वान्नांनी भरलेल्या मेजाशी एक राक्षस बसलेला. डोळे तळहातांत, बाजूला लहान मुलांच्या बुटांचा ढीग. इकडे घरातही कॅप्टन तसाच मेजाच्या टोकाशी बसतो. धान्याच्या कोठाराला त्याचं कुलूप आणि गावाला मोजून मिळणारा पाव. दोघे एकाच पंगतीतले. पळून ती जाणार तरी कुठे?

आजीनंही मला तेव्हा गोष्टच सांगितली. एरवी तिची भुतं पिंपळावर असायची, त्या महिन्यात मात्र ती थेट दारापर्यंत आली. हाकामारी रात्री ओळखीच्या आवाजात नाव घेते, तीन हाका झाल्याशिवाय ओ द्यायची नाही. बाहेर काय चाललंय याबद्दल आजी एक अक्षर बोलली नाही, आणि मला सगळं कळलं.

तिसऱ्या रात्री मागच्या दाराशी माझ्या नावानं हाक आली. आवाज शेजारच्या चाचीचा, कांड्या भरायला जायची ती. मी उठू लागले, तशी आजीची बोटं माझ्या मनगटाभोवती आवळली. आजी जागी होती. आणखी एक हाक. मग चपलांचा आवाज लांब गेला. तिसरी हाक आली नाही.

दोन तासांसाठी संचारबंदी उठली तेव्हा नळावर कळलं. तिच्या तान्ह्याला दूध मिळालं नव्हतं, साखरेचं पाणी पाजून तिनं रात्र काढली होती. आमच्या फळीवर दुधाच्या पावडरीचा अर्धा डबा होता. आजीनं तो पदराखाली घेतला आणि काही न बोलता गेली.

ओफेलिया दोनदा नियम मोडते. काही खायचं नाही असं बजावलेलं असताना राक्षसाच्या मेजावरची दोन द्राक्षं तोंडात टाकते, आणि सोबतच्या दोन पऱ्या जिवाला मुकतात. शेवटी फॉन तिच्या तान्ह्या भावाचं थोडं रक्त मागतो. तेव्हाही ती ऐकत नाही. भावाला छातीशी धरून उभी राहते. तिथे मी चित्रपट थांबवला. बराच वेळ मला पुढचं पाहवेना.

डिसेंबर १९९२मध्ये मुंबई पेटली. १९७० आणि १९८४च्या दंगली सोसलेली भिवंडी मात्र शांत राहिली. पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी गावात मोहल्ला कमिट्या उभ्या केल्या होत्या, दोन्हीकडची माणसं एका सतरंजीवर बसून बोलू लागली होती. तरीही त्या रात्री आळीतली दारं लवकर लागली. नऊच्या सुमाराला मागच्या दाराशी हाक आली. चाचीचा मुलगा, आता आठ वर्षांचा. चहाला दूध हवं होतं.

पहिल्याच हाकेला आजी उठली. मी बघत होते, कडी काढताना तिचा हात थरथरत होता.